डोंगरातला पाऊस आणि तासाचे गणित

मेळघाटातल्या चिखलदऱ्यात कोसळणाऱ्या पावसाला दोन वाटा फुटतात. उत्तरेला उतरलेले पाणी सिपनेतून तापीला मिळते, दक्षिणेकडचे सापन आणि चंद्रभागेच्या वाटेने पूर्णेत जाते. जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात आणि त्याच पाण्यावर पुढे भुसावळ तालुक्यातले ४१ दरवाज्यांचे हतनूर धरण उभे आहे. मेळघाटात पावसाचा जोर वाढला की खानदेशातल्या तापीकाठाला सावधगिरीचा इशारा जातो, तो म्हणूनच.

दरवाजे कधी आणि किती उघडायचे? पाऊस अखंड पडत असतो, पण त्याची नोंद मात्र ठरावीक वेळीच होते. अशा तुटक आकड्यांवरून अखंड घडामोड ओळखायची आणि तिला वळण द्यायचे, हेच डिजिटल नियंत्रणशास्त्राचे काम.

भारतात पावसाची रोजची नोंद सकाळी ८.३० वाजता होते. समजा, ती १२० मिलिमीटर भरली. दर तासाला ५ मिलिमीटर अशी दिवसभर झड लागली असेल, तरी आकडा १२०. एकाच तासात १०० आणि उरलेल्या वेळात २० पडला, तरीही १२०. पहिला पाऊस जमिनीत मुरायला वेळ देतो. दुसरा ढगफुटीच्या व्याख्येत बसतो आणि ओढ्यांना लोंढे आणतो. रोजच्या बेरजेत दोन्ही सारखेच दिसतात.

तापमानाचे आणखी वेगळे. ते फक्त सकाळी ८.३० लाच टिपले, तर दुपारचा चटका आणि पहाटेचा गारवा नोंदवहीत कधीच येणार नाही. रोजचा चढउतार असूनही आलेख जवळपास सपाट दिसेल. या फसगतीला ‘अलियासिंग’ म्हणतात. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, सर्वांत वेगाने बदलणाऱ्या आवर्तनात दोनपेक्षा जास्त वेळा मोजले, तरच मूळ संकेत पुन्हा उभा करता येतो.

स्वयंचलित पर्जन्यमापकात म्हणूनच छोटी दुहेरी वाटी असते. ठरावीक पाणी साचले की ती कलंडते आणि एक विद्युत स्पंद नोंदला जातो. स्पंद मोजले की तासातासाचा पाऊस हाती येतो.

धरणाचा हिशेबही असाच टप्प्याटप्प्याने चालतो: पुढच्या तासाचा साठा म्हणजे आताचा साठा, अधिक तासाभराचा येवा, वजा विसर्ग. सेकंदाला १,००० घनमीटर येवा असेल, तर एका तासात ३६ लाख घनमीटर पाणी येते. अशा समीकरणांसाठी जॉन रगाझिनी आणि लोत्फी झादेह यांनी १९५२ मध्ये ‘झेड-रूपांतर’ रूढ केले. त्यात एका टप्प्याचा उशीर म्हणजे झेडने एकदा भागणे. उशिराचे गणित त्यामुळे सोपे होते.

हा उशीरच खरा कळीचा. डोंगरातले पाणी धरणापर्यंत यायला काही तास लागतात. पातळी चढल्यावरच दरवाजे उघडले आणि उतरल्यावरच मिटले, तर प्रत्येक निर्णय मागे पडतो. विसर्ग कधी फार, कधी फार कमी असा हेलकावत राहतो आणि खालच्या गावांकडे लाटांमागून लाटा जातात. सेमाडोह, चिखलदरा, धारणी इथला तासागणिक पाऊस वेळेत कळला, तर येव्याचा अंदाज बांधून आधीच थोडा थोडा विसर्ग सोडता येतो. हतनूरखाली गुजरातेत तापीवरचे उकाई धरण आणि त्याच्याही खाली सुरत आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून मोठा विसर्ग झाला आणि त्या शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला होता.