ऐनवेळचे विषय

आयटीआयला मिळालेल्या अडीच कोटींच्या कर्जाच्या परतफेडीचा हिशेब आज मांडतो, असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. तो मांडत नाही. त्या कर्जाला सरकारने पहिली दहा वर्षं हप्ता मागितला नव्हता. मला वाचकांनी एक आठवडा द्यावा. कागद काढून बसलोच होतो, पण मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि गाडी रुळावरून घसरली. ते विचारतात, ‘तुम्ही आयटीआयच्या व्यवस्थापन समितीबद्दल एवढं लिहिता, पण त्या समितीत आमचा नगरसेवक कुठे बसतो?’

कुठेच नाही. आयटीआय राज्य सरकारची. पाणी, गटार, कचरा आणि आग विझवण्याची व्यवस्था एवढ्यापुरता महापालिकेचा तिच्याशी संबंध. गंमत बघा, व्यवसाय शिक्षण संचालनालयाचं कार्यालय आहे महापालिका मार्गावर, पालिकेचं मुख्यालय तिथून हाकेच्या अंतरावर, पण हाक मारायची सोय नाही. हीच महापालिका शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय 1926पासून चालवते, 2015मध्ये तिने कूपर रुग्णालयातही वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. म्हणजे आमची पालिका डॉक्टर घडवते, फिटर मात्र घडवत नाही. शिवाय 7 मार्च 2022ला सभागृहाची मुदत संपल्यापासून जानेवारी 2026च्या मतदानापर्यंत मुंबईत 227पैकी एकही नगरसेवक नव्हता. खुर्ची असती तरी ती रिकामीच राहिली असती.

इंग्लंडात असं नव्हतं. तिथली आयटीआयसारखी महाविद्यालयं स्थानिक कौन्सिलांच्या ताब्यात होती. 1 एप्रिल 1993ला ती काढून घेऊन स्वतंत्र करण्यात आली. तरीही एखाद्या महाविद्यालयाचा तपासणी अहवाल वाईट आला की काही वेळा गावची कौन्सिल प्राचार्यांना आपल्या समितीपुढे बोलावते आणि सुधारणा कुठवर आली ते विचारते. हुकूम सोडायचा अधिकार नाही, पण प्रश्न विचारायचा आहे, आणि तोही उघड बैठकीत, ज्याचं इतिवृत्त कुणालाही वाचता येतं. हा शेवटचा भाग मला हेवा वाटण्यासारखा वाटतो.

आता आमच्या समितीतली अकरा माणसं. अध्यक्ष उद्योग भागीदाराचा, त्याने सुचवलेले स्थानिक उद्योगांतले चार, सदस्य सचिव म्हणून प्राचार्य, आणि राज्य सरकारने नेमलेले पाच: जिल्हा रोजगार अधिकारी, संचालनालयाचा प्रतिनिधी, स्थानिक शिक्षणक्षेत्रातला एक तज्ज्ञ, एक निदेशक आणि एक प्रशिक्षणार्थी. उपनगरातल्या एका संस्थेत मी काही वर्षं ‘तज्ज्ञ’ होतो. कशातला, ते मला कुणी विचारलं नाही.

उद्योगाच्या खुर्च्यांबद्दल पूर्वी लिहिलंय, पुन्हा दळत नाही. एवढंच, की ज्या योजनेतून ही समिती आणि ते कर्ज आलं, ती 2007च्या सुमारास 1396 आयटीआयसाठी आखली गेली, तेव्हा ‘स्थानिक उद्योग’ हा शब्द लालबहादूर शास्त्री मार्गावर आधीच पातळ व्हायला लागला होता. जिथे प्रीमियर पद्मिनी बनायची त्या कुर्ल्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी आहे. मुलुंड-भांडुपची टर्नर मुलं आता ज्या इमारतींवरून जातात, त्यांत लेथ नाही, लिफ्ट आहे.

मला बोलायचंय ते अकराव्या खुर्चीबद्दल. प्रशिक्षणार्थी प्रतिनिधी. योजना लिहिणाऱ्याने ही जागा ठेवली, त्याला माझा नमस्कार. पण ट्रेड एक नाहीतर दोन वर्षांचा. मुलगा पहिल्या बैठकीत घाबरतो, दुसरीत खुर्चीच्या कडेवरून जरा मागे सरकून बसतो, आणि बोलायला लागेपर्यंत परीक्षा देऊन निघून जातो. अध्यक्ष पाच-पाच वर्षं तेच, प्राचार्यही बदलीपर्यंत तेच. देखरेख करणाऱ्यांतला सगळ्यांत कच्चा तोच, आणि यंत्राजवळ रोज उभा राहणाराही तोच.

आमच्याकडे टर्नर ट्रेडचा एक मुलगा आला होता. वर्कशॉपमधून थेट आला, निळ्या अ‍ॅप्रनला ऑईलचे डाग. दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची त्याला, बाकीच्यांना गादीच्या. विषयपत्रिकेवर नऊ विषय होते. मागील इतिवृत्तास मंजुरी, खर्चाचा आढावा, प्रवेश, नियुक्ती मेळावा वगैरे. यंत्रसामग्रीच्या तक्त्यात टर्नरच्या विभागापुढे लिहिलं होतं: लेथ पाच, चालू पाच. आम्ही माना डोलावल्या. चहा आला, खारी आली. नववा विषय नेहमीचाच, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. अध्यक्षांनी घड्याळ बघत, खरं तर उठताउठता, विचारलं, ‘काही बोलायचंय का रे?’

तो म्हणाला, ‘सर, चार नंबर धरत नाही.’

काय धरत नाही? चक. त्याने दोन्ही हातांची बोटं वाकवून दाखवलं, कसे जबडे झिजलेत आणि किती आवळला तरी जॉब सैल राहतो. टूल लावलं की जॉब उडतो, म्हणून निदेशकांनी तो लेथ बंदच ठेवलाय. पाच नंबरची मोटर जळून दोन वर्षं झाली. म्हणजे चालू तीन. तुकडी वीस जणांची. पाच लेथ असते तर एका लेथवर चार मुलं. तीन असल्यामुळे सहा-सात. सातपैकी एक हँडल फिरवतो, सहा जण बघतात. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि परत दाराकडे बघायला लागला.

मग तक्त्यात पाच का? प्राचार्य प्रामाणिक माणूस होते, त्यांनी सांगितलं. यंत्र बंद दाखवायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा. जडसंग्रह नोंदवहीतून ते नाव उडालं की त्या ट्रेडच्या संलग्नतेसाठी जी यंत्रांची यादी पूर्ण लागते ती अपुरी होते, आणि तुकडीच्या मान्यतेवर बोट येतं. नवीन घेतल्याशिवाय जुनं काढता येत नाही, जुनं चालू दिसतंय तोवर नवीन मागायला कारण नाही. इतक्या साध्या गाठीत आम्ही अडकलो होतो आणि तीन बैठका ‘चालू पाच’ मंजूर करत आलो होतो. त्यांत माझीही सही आहे.

तेव्हापासून माझा एक हट्ट आहे, कुणी हसलं तरी. प्रशिक्षणार्थ्याचं म्हणणं विषयपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकावर हवं, इतिवृत्ताच्या मंजुरीनंतर लगेच, चहाच्या आधी. आणि दर वर्षी दोन प्रशिक्षणार्थी घ्यावेत, एक पहिल्या वर्षातला, एक दुसऱ्यातला. म्हणजे जाणारा येणाऱ्याला सांगून जाईल, की बाबा, पाच नंबरची मोटर विचारत राहा. तेव्हा मला उत्तर मिळालं, की समितीची रचना योजनेने ठरवलेली आहे, संस्था तिच्यात भर घालू शकत नाही. निमंत्रित म्हणून बसवा म्हटलं. त्यावर विचार करू, असं इतिवृत्तात आलं.

आता नवी योजना आलीय, पीएम-सेतू. साठ हजार कोटी, हजार आयटीआय, मोठ्या संस्थेभोवती छोट्या संस्थांचं जाळं, आणि कारभार उद्योगांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीकडे. तिच्याबद्दल स्वतंत्र भाग लिहीन. तूर्त एकच गोष्ट नमूद करतो: कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक आणि चार नंबरचा चक यांच्यातलं अंतर आणखी वाढणार आहे.

मुलुंडच्या वाचकांना मात्र हात हलवत परत पाठवत नाही. माहिती अधिकार कायदा, 2005, कलम 4(1)(ब), त्यातला आठवा उपखंड वाचा. दोन किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक समितीची माहिती, तिच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हे सार्वजनिक प्राधिकरणाने कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं आहे. शासकीय आयटीआय हे सरकारी कार्यालयच आहे. संस्थेत जाऊन आधी ही यादी मागा. मिळाली तर मागच्या चार बैठकांची इतिवृत्तं मागा, आणि पहिल्यांदा शेवटचं पान उघडा. वरची पानं सगळीकडे सारखीच असतात.

चार नंबरला नवा चक बसला. दिवाळीनंतर. तो मुलगा तोवर पास होऊन विक्रोळीला अप्रेंटिस लागला होता. पुढच्या बैठकीत ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा आला आणि त्याच्या खुर्चीवर कोपाचा, म्हणजे संगणकाच्या ट्रेडचा, नवा प्रतिनिधी बसला होता. त्याने पंख्याबद्दल विचारलं. पाच नंबरचं कुणीच विचारलं नाही. मीही नाही, मला ते घरी जाताना घाटकोपर आल्यावर आठवलं.

अडीच कोटी पुढच्या आठवड्यात.