गर्दी आणि एकटा माणूस : किर्केगॉरची राजकारणविषयक भूमिका

सोरेन किर्केगॉर (१८१३–१८५५) या डॅनिश तत्त्वचिंतकाचे नाव घेतले की, राजकारणाकडे पाठ फिरवून स्वतःच्या आत्म्याचाच विचार करणारा एकांतप्रिय लेखक आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. ही प्रतिमा कितपत यथार्थ आहे? धर्मसेवकाने हा प्रश्न टाळू नये. कारण ख्रिस्ती मंडळीने सार्वजनिक जीवनाशी कोणते नाते ठेवावे, हा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

प्रथम त्याच्या समकालीनांचे विचार पाहू. हेगेल १८३१ मध्ये निवर्तला. तथापि त्यानंतरच्या दशकात कोपनहेगन येथील विद्वानांवर त्याच्या विचारसरणीचा मोठाच पगडा बसला. हान्स मार्टेन्सेन यांच्यासारखे ईश्वरविज्ञानाचे अध्यापक तिच्या आधारे ख्रिस्ती सिद्धांतांची मांडणी करू लागले. इतिहासात परमतत्त्व क्रमाक्रमाने प्रकट होत आहे व विचाराने त्याचे सर्वांगीण आकलन होऊ शकते, असा हा दृष्टिकोन होता. किर्केगॉरचा आक्षेप साधा पण मर्मभेदी होता : असा विचारवंत भव्य प्रासाद उभारतो आणि स्वतः मात्र शेजारच्या खोपटात राहतो. ज्या माणसाला आज निर्णय घ्यावयाचा आहे, पश्चात्ताप करावयाचा आहे व मरावयाचे आहे, त्याला या व्यवस्थेत जागाच नाही. १८४१ मध्ये बर्लिनला त्याने शेलिंगची व्याख्याने ऐकली. त्याच सभागृहात एंगेल्स आणि बाकूनिन हेही श्रोते होते. ते दोघे समाज बदलण्याच्या मार्गाला लागले. किर्केगॉर निराश होऊन मायदेशी परतला व लेखनात गढून गेला.

राजकारणाबाबत तो वृत्तीने जुन्या मताचा होता, हे मान्य केले पाहिजे. राजेशाहीवर त्याची निष्ठा होती. १८४८ च्या क्रांतीच्या लाटेत डेन्मार्कमधील अनियंत्रित राजसत्ता संपुष्टात आली व १८४९ मध्ये नवी राज्यघटना आली. त्याचा त्याला हर्ष झाला नाही. परंतु त्याचा खरा विरोध सुधारणेला नव्हता. तो ‘जनमत’ नावाच्या अदृश्य सत्तेला होता. १८४६ मध्ये ‘दोन युगे’ या कादंबरीचे परीक्षण लिहिताना त्याने आपल्या युगाचे निदान केले : चर्चा पुष्कळ, कृती थोडी; सर्वांना एका पातळीवर आणणारे सपाटीकरण आणि कोणाचीच जबाबदारी नसलेला ‘लोक’ नावाचा आभास. त्याच वर्षी ‘कोर्सारेन’ या उपहासात्मक साप्ताहिकाने व्यंगचित्रे काढून त्याची यथेच्छ टवाळी केली. आधी आव्हान त्यानेच दिले होते, हे खरे. परंतु रस्त्यावर हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाला आपण निर्दोष आहोत असेच वाटत होते, हा अनुभव त्याच्या मनात खोल रुजला.

यावरून तो सामान्य जनांचा तिरस्कार करीत होता, असे कोणी समजू नये. गर्दी म्हणजे गरीब वा अशिक्षित लोक नव्हेत, हे त्याने स्वतःच स्पष्ट केले आहे. प्रतिष्ठितांचा समूहही गर्दीच होय, जर त्यात प्रत्येक जण आपले उत्तरदायित्व लपवीत असेल. ‘प्रीतीची कृत्ये’ (१८४७) या ग्रंथात त्याने शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा विशद केली. देवासमोर राजा व भिकारी समान आहेत. मात्र ही समानता जमावात नव्हे, तर प्रत्येक जण एकटा देवासमोर उभा राहतो तेव्हाच प्रत्ययास येते, असे त्याचे प्रतिपादन होते.

त्याच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे या भूमिकेची कसोटी ठरली. १८५१ पर्यंत तो मंडळी व शासन यांच्या विभक्तीसारख्या बाह्य सुधारणांपासून दूर राहिला होता. परंतु १८५४ च्या आरंभी बिशप मिन्स्टर निवर्तले व मार्टेन्सेन यांनी त्यांना ‘सत्याचा साक्षी’ म्हणून गौरविले, तेव्हा त्याचे मौन सुटले. ज्याने सत्यासाठी दुःख सोसले त्यालाच साक्षी म्हणावे. सन्मान, पगार व सरकारी पद उपभोगणाऱ्याला नव्हे, असे त्याने जाहीरपणे लिहिले. १८५५ मध्ये ‘क्षण’ या पत्रकाचे नऊ अंक काढून त्याने राज्याश्रित ख्रिस्ती धर्मावर घणाघात केला. मृत्युशय्येवरही शासकीय पाळकाच्या हातून प्रभुभोजन घेण्यास त्याने नकार दिला. राजकारणापासून अलिप्त राहणाऱ्या या माणसाने आपल्या काळातील सत्तेच्या एका मोठ्या आधारस्तंभालाच हात घातला होता.

या भूमिकेत उणीव नाही असे नाही. अन्यायकारक व्यवस्था केवळ एकेका अंतःकरणाच्या पालटाने बदलत नाही. कायदा व संघटना यांचीही गरज असते. त्याकडे त्याचे पुरेसे लक्ष नव्हते. विसाव्या शतकात ही उणीव प्रकर्षाने जाणवली. देव आणि मानव यांतील अमर्याद भेद हा विचार कार्ल बार्टने त्याच्याकडूनच घेतला व १९३४ मध्ये बार्मेनच्या घोषणापत्राचा मुख्य मसुदा लिहून हिटलरच्या धर्मावरील अधिकाराला नकार दिला. उलट किर्केगॉरचा जर्मनमधील अग्रगण्य अभ्यासक व भाषांतरकार एमानुएल हिर्श हा मात्र नाझी राजवटीचा समर्थक झाला. गुरू एकच, पण मार्ग दोन! ‘निर्णय घ्या’ एवढे म्हणणे पुरेसे नाही; निर्णय कोणासमोर व कोणाच्या आज्ञेने घ्यावयाचा, हे सांगितले पाहिजे.

म्हणून धर्मसेवकांनी किर्केगॉरकडून उत्तर नव्हे, तर प्रश्न घ्यावा. व्यासपीठावरून बोलताना आपण जमावाला खूष करतो, की मागच्या बाकावर बसलेल्या त्या एका माणसाला देवासमोर उभे करतो? आणि ज्या सत्याची साक्ष आपण देतो, त्याची काही किंमत आपण स्वतः मोजली आहे काय?