चिंधा, आरव, कियारा: नावाचा अर्थ कुठे शोधायचा?

आजचा एपिसोड नावांवर आहे. ज्यांचं नेट बसमध्ये तुटतं किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखी ही लिखित आवृत्ती. माझे 'म्हणजे बघा' तेवढे कमी केलेत, बाकी बोललो तसंच आहे.

निमित्त एका व्हॉइस नोटचं. नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्याहून एका ताईने पाठवलीय. भावाला मुलगा झालाय, बारसं तोंडावर आलंय आणि ती फुई, म्हणजे आत्या. नाव तिनेच बाळाच्या कानात सांगायचं. वहिनीला 'आरव' हवंय, कारण मोबाइलवर त्याचा अर्थ 'शांत' असा येतो. आजी म्हणते, पोराच्या पणजोबांचं नाव घरात कुठेतरी राहू द्या. पणजोबांचं नाव चिंधा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आजीने ते आयुष्यभर उच्चारलं नाही, कागदावर बोट ठेवून दाखवलं. भाऊ पटकन म्हणाला, "आजी, पोराला शाळेत हसतील गं." आजी गप्प झाली. ताईचा प्रश्न असा: चिंधा, म्हणजे फाटकं कापड, असं नाव कुणी हौसेने ठेवतं का?

हौसेने नाही, ताई. भीतीने ठेवायचे.

खानदेशात जुनी मतदार यादी काढून बघा. चिंधा, उखर्डू, धुडकू, शेनफडू, भिका, दगडू, नथू. आपल्याला हसू येतं, पण ही नावं एकाच काळजीतून आलीत. लस नव्हती, दवाखाना लांब, आणि घरात एकामागून एक लेकरं जात. मग पुढचं बाळ जन्माला आलं की नशिबाला, नजरेला, सटवाईला फसवायचं. हे काही मोलाचं नाही, कचरा आहे, तू घेऊ नको, असं सांगायचं. बाळाला जुन्या चिंध्यांत गुंडाळलं तर चिंधा. उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचललं तर उखर्डू. दुसऱ्याच्या दारातून मागून आणलं असं केलं तर भिका. आणि नथू? मुलाचं नाक टोचून नथ घालायची, म्हणजे नशिबाला वाटावं ही मुलगी आहे. यावर जरा थांबा, या नथीकडे मला परत यायचंय.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतं. बंगालमध्ये लेकरू नावापुरतं विकून टाकायची रीत होती. तीन कवड्यांना विकलं तर तिनकडी, पाच कवड्यांना विकलं तर पाचकडी. खुदीराम बोस हे नाव शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. १९०८ साली १८ वर्षांचे असताना फाशी गेलेले. 'खुद' म्हणजे तांदळाची कणी. त्यांच्या आधीची भावंडं दगावली होती, म्हणून मूठभर कणीच्या बदल्यात त्यांना मोठ्या बहिणीला 'विकलं', अशी त्या नावाची हकीकत सांगतात. चीनच्या खेड्यात पोराचं घरगुती नाव 'गौशेंग' असायचं, म्हणजे कुत्र्याने उष्टं सोडलेलं. मंगोलियात आजही 'नेरगुई' नावाची माणसं भेटतात, अर्थ 'नाव नसलेला'. आणि 'एनेबिश', म्हणजे 'हा नव्हे'. वाईट शक्ती दारात आली तर तिला सांगायचं, तू शोधतेस तो हा नव्हे. पूर्व युरोपातले ज्यू लोक आजारी बाळाला 'आल्टर' म्हणत, म्हणजे म्हातारा. मृत्यूचा दूत तान्हं पोर शोधत आला तर त्याला म्हातारा सापडावा. नायजेरियातल्या योरुबा लोकांत 'कोसोको' आहे, म्हणजे 'कुदळ नाही'. खड्डा खणायला कुदळच नाही, तेव्हा तू मरू नकोस.

एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी तीच युक्ती काढली. म्हणून ताई, चिंधा या नावाचा शब्दकोशातला अर्थ फाटकं कापड असेल, पण ठेवणाऱ्याच्या मनातला अर्थ 'हा तरी जगू दे' असा होता. आजी बोलत असेल तर तिला विचारून ठेवा, सासूबाईंची किती लेकरं गेली होती. रेकॉर्ड करून ठेवा. हे कुठल्याही वेबसाइटवर मिळणार नाही.

आता नथीकडे येऊ. मुलाला मुलगी भासवलं की नशीब सोडून देतं, ही कल्पना मुळात कुठून आली? मुलगी कुणाला नकोच असते, या समजुतीतून. त्याच समजुतीतून सातारा जिल्ह्यात मुलींची नावं 'नकोशी', 'नकुसा' अशी पडली. वरवर दोन्ही सारखी वाटतात, चिंधा पण वाईट आणि नकोशी पण वाईट. पण चिंधाच्या घरचे नशिबाशी खोटं बोलत होते आणि नकोशीच्या घरचे खरं. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन अशा २८० हून जास्त मुलींना नवी नावं दिली गेली. कुणी स्वतः ऐश्वर्या निवडलं, कुणी वैशाली. हजेरीत रोज 'नकोशी' ऐकून 'हजर' म्हणायचं, याची कल्पना करून बघा. त्यामुळे 'जुनं नाव ते सोनं' असं मी सरसकट म्हणणार नाही. कुठलं नाव जपायचं आणि कुठलं बदलायचं, हे ते का ठेवलं होतं यावर बघायला हवं.

आता आरव. वहिनी रागावू नका. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज आणि 'आरव' म्हणजे पण आवाज, ओरडा, गलका. 'शांत' नाही, बरोबर उलटं. रात्री दोनला बाळ रडायला लागलं की खरा अर्थ आपोआप पटेल. नाव वाईट नाही हां, म्हणायला गोड आहे, ठेवा खुशाल. पण नावांच्या वेबसाइट एकमेकींचं कॉपी करतात आणि चूक फिरत राहते, एवढं लक्षात असू द्या.

कियाराचं तर अजून मजेशीर. इटालियनमध्ये 'कियारा' म्हणजे स्वच्छ, उजळ. आयरिश भाषेत जवळपास तसंच वाजणारं 'किआरा' आहे, त्याचं मूळ 'काळा' या अर्थाच्या शब्दात. एकच नाव, एकीकडे उजेड, एकीकडे अंधार. आणि मायरा? इंग्रजीतलं मायरा हे फल्क ग्रेव्हिल नावाच्या कवीने चारेकशे वर्षांपूर्वी कवितेसाठी बनवलेलं नाव. राजस्थानकडे मात्र मायरा म्हणजे भाच्याभाचीच्या लग्नात मामाने आणलेला आहेर. तुमच्या ओळखीत कुणी मारवाडी आजी असेल तर मायरा नावाची छोटी मुलगी बघून ती नक्की हसेल.

बरं, परदेशी 'क्लासिक' नावं तरी गोंडस अर्थाची असतात का? क्लॉडियाच्या मुळाशी 'लंगडा' हा लॅटिन शब्द आहे, सिसिलियाच्या मुळाशी 'आंधळा', आणि कॅल्विन म्हणजे टकलू. तिथे कुणी लाजत नाही. वापरून वापरून अर्थ झिजतो आणि माणूस उरतो.

आपल्याच जिल्ह्यात सातपुड्याकडे गेलात तर वेगळीच पद्धत. भिल्ल, पावरा घरांमध्ये जन्मवारावरून नाव पडायचं: सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या, शनिवारचा थावऱ्या, रविवारचा दित्या. थावर म्हणजे शनिवार, दितवार म्हणजे रविवार. पश्चिम आफ्रिकेतल्या घानामध्ये अकान लोकांची अगदी हीच पद्धत आहे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस राहिलेले कोफी अन्नान आठवतात? कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. ते ८ एप्रिल १९३८ ला जन्मले, कॅलेंडरवर बघा, शुक्रवारच होता. म्हणजे आपल्याकडचा शुकऱ्याच. कोफी नाव जगाने सन्मानाने घेतलं आणि आपल्याकडे शाळेत दाखल करताना दित्याचा दिनेश झाला. मला हे खटकतं.

नंदुरबारचं बोलतोय तर शिरीषकुमार मेहता राहून कसे चालतील? १९४२ च्या ९ सप्टेंबरला मिरवणुकीत तिरंगा घेऊन गोळी झेलणारा शाळकरी मुलगा. घर गुजराती, पण नाव शिरीषाच्या फुलाचं, जे संस्कृत काव्यात नाजुकपणासाठी प्रसिद्ध आहे. त्या नावाकडे नाजूक म्हणून आज कोण बघतं?

राशीचं अक्षर, नक्षत्राचं चरण यावर वेगळा एपिसोड करू, तो लांबलचक विषय आहे. आज फक्त एवढंच की आपल्याकडे एका माणसाला दोन-तीन नावं असणं अगदी नॉर्मल होतं. पाळण्यातलं एक, हाकेचं एक, कागदावरचं एक. त्यामुळे ताई, पाळण्यात पाच नावं घेताना एक पणजोबांचं घेतलंत तर कुणाचंच काही बिघडत नाही, आणि दाखल्यावर वहिनीच्या पसंतीचं राहील.

दाखल्यावरून कामाचं सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि नाव ठरलं नसलं तरी ती होते. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क टाकता येतं, पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते, म्हणजे नंदुरबारच्या दवाखान्यात जन्म असेल तर रनाळ्याच्या ग्रामपंचायतीत शोधू नका. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्राच्या सरकारी कागदपत्रांत क्रम असा: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आणि तेव्हापासून स्पेलिंगचं एक अक्षर चुकलं तरी किती चकरा होतात ते तुम्हाला माहितेय. म्हणून इंग्रजी स्पेलिंग घरातल्या सगळ्यांनी एकदा कागदावर लिहून ठरवा, मगच फॉर्म भरा. आरव असेल तर 'ए' एक की दोन, हे आधी.

तुमच्या घरात असं कुणाचं नाव असेल, उखर्डू, शेनफडू, थावऱ्या, तर व्हॉइस नोट पाठवा. आडनाव, गाव नको. ते नाव कसं पडलं एवढंच सांगा.