रॉ फोटो फिका का दिसतो?

पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर काढलेला रॉ फोटो संगणकावर उघडला की अनेकांची निराशा होते. गवत मळकट, धुकं राखाडी. पण हा फिकेपणा दोष नाही. जेपेगमध्ये रंग, उठाव, धार हे सगळं कॅमेराच ठरवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो. रॉ फाइलीत सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची कच्ची मोजमापं असतात. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणूनच अंधारातला कातळ बराच उजळला तरी रंग फाटत नाहीत.

सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून करावी. ढगाळ उजेड निळसर असतो. तो थोडा उबदार केला की गवताचा पोपटी रंग परत येतो. बदल कितीही करा, मूळ फाइल शाबूत राहते, कारण सॉफ्टवेअर फक्त सूचना नोंदवून ठेवतं. मग हिस्टोग्राम पाहावा. धुक्यात तो मधेच गोळा झालेला असतो. तो दोन्ही टोकांकडे ताणला की चित्रात जीव येतो. मात्र धुकं पार पुसून टाकू नये. त्याच्यासाठीच तर आपण गड चढलो! सॅच्युरेशनपेक्षा व्हायब्रन्स बरा, तो आधीच गडद असलेल्या रंगांना फारसं छेडत नाही.

आकाश पूर्ण पांढरं पडलं असेल, तर तिथले ढग कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाहीत. त्यामुळे फोटो काढतानाच एक्स्पोजर किंचित कमी ठेवावं. सावल्या नंतर उजळता येतात, थोडे दाणे दिसले तरी चालतील.