हुबेहूब नकलेची अवघड शर्यत

कोविडच्या वॉर्डात, गुडघा बदलल्यावर किंवा हृदयविकाराच्या झटक्यानंतर पोटाच्या कातडीखाली एक छोटं इंजेक्शन देतात. आपण त्याला ‘रक्त पातळ करायचं इंजेक्शन’ म्हणतो. खरं तर रक्त पातळ होत नाही, त्यात गुठळ्या होणं रोखलं जातं. या औषधाचं नाव एनॉक्झापॅरिन, आणि त्याचा कच्चा माल येतो डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून!

त्या अस्तरातून मिळणारं हेपॅरिन म्हणजे शर्करांच्या लांबच लांब साखळ्या. त्यांतल्या काहींमध्येच पाच शर्करांचा एक खास क्रम असतो. तो रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या प्रथिनाला चिकटला, की गुठळी थोपवण्याचं त्या प्रथिनाचं काम शेकडो पटींनी वेगात होऊ लागतं. पुढे सनोफीत विलीन झालेल्या एका फ्रेंच कंपनीने रासायनिक प्रक्रियेने या साखळ्या तोडून एनॉक्झापॅरिन बनवलं. जात्यावर भरडलेल्या डाळीत सगळे तुकडे एका मापाचे निघत नाहीत, तसंच इथंही आखूड-लांब साखळ्यांचं मिश्रण हाती येतं.

आता याची जेनेरिक आवृत्ती कशी करायची? साध्या गोळीत बहुधा एकाच प्रकारचा औषधी रेणू असतो. तो तसाच बनवला, की काम झालं. प्रथिनांचा आराखडा निदान जनुकांत लिहिलेला सापडतो. शर्करांच्या साखळ्यांना असा आराखडाच नसतो. पेशीतली विकरं त्या जुळवत आणि बदलत जातात. मग नक्कल करणाऱ्याने पाहायचं तरी कशात?

या औषधाची अमेरिकेतली वर्षाची विक्री पुढे अडीच अब्ज डॉलरच्या वर गेली. साहजिकच शर्यत लागली. 2003 मध्ये अ‍ॅम्फास्टार आणि टेवा यांनी अमेरिकी औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, अर्ज केले. 2005 मध्ये सँडोझ आणि मोमेंटा ही जोडी उतरली. इतकं गुंतागुंतीचं औषध तंतोतंत सारखं असल्याचं सिद्ध कसं होणार, असा सनोफीचा आक्षेप होता.

मोमेंटाच्या शास्त्रज्ञांनी उत्तर शोधलं ते साखळ्या वाचण्यात. जिवाणूंची काही विकरं हेपॅरिनला ठरावीक जागीच कापतात. ती वापरून तुकडे करायचे, वस्तुमान वर्णपटमापन आणि एनएमआर या तंत्रांनी त्यांची ओळख पटवायची, आणि त्यावरून मूळ क्रम जुळवत न्यायचा. जो पदार्थ डॉक्टर कित्येक दशकं वापरत होते, त्याची बारीक रचना अशी नकलेच्या निमित्ताने उलगडत गेली.

हे ज्ञान किती मोलाचं आहे, ते 2008 मध्ये कळलं. अमेरिकेत हेपॅरिन दिलेल्या रुग्णांचे रक्तदाब अचानक कोसळू लागले, मृत्यू झाले. चीनमधून आलेल्या कच्च्या मालात भेसळ होती. भेसळीचा पदार्थही गुठळी रोखत असल्यामुळे नेहमीच्या चाचण्यांना तो सापडेना. तो ओळखणाऱ्या चमूचं नेतृत्व एमआयटीचे राम शशिशेखरन करत होते. मोमेंटाच्या संस्थापकांपैकी ते एक! पुढे अमेरिकी औषधसंहितेने हेपॅरिनच्या चाचण्यांत एनएमआरचा समावेश केला.

जुलै 2010 मध्ये एफडीएने सँडोझ-मोमेंटाच्या एनॉक्झापॅरिनला मान्यता दिली. कच्चा माल आणि तोडण्याची रीत, साखळ्यांची घडण, जैविक परिणाम असे समानतेचे पाच निकष लावून, रुग्णांवर मोठ्या चाचण्या न मागता. आधी अर्ज केलेल्या अ‍ॅम्फास्टारला मान्यतेसाठी सप्टेंबर 2011 उजाडला. त्यानंतर चाचणीच्या पद्धतीच्या पेटंटवरून या दोघांतच कोर्टकज्जे सुरू झाले. मोजण्याची रीतसुद्धा औषधाइतकीच मौल्यवान ठरली होती.

जेनेरिक म्हटलं, की दुसऱ्याच्या कष्टावर उभा राहिलेला स्वस्त माल, असं अनेकांना वाटतं. एनॉक्झापॅरिनच्या बाबतीत मात्र नक्कल करणाऱ्यांनी पदराला खार लावून नवं विज्ञान उभं केलं, आणि त्याच विज्ञानाने मूळ हेपॅरिनही अधिक सुरक्षित केलं.