मुन्नाच्या मरणाची वाट पाहिली, मग त्याचीच आठवण का आली? ‘मिर्झापूर’च्या सुडाचं गणित

भिवंडीत यंत्रमागाची पाळी बहुतेक ठिकाणी बारा तासांची. मजुरी मीटरवर. धागा तुटला, माग थांबला, की कमाईही थांबते. इथल्या कामगारांत पूर्वांचलातून आलेले पुष्कळ आहेत. भिसीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवण झालं की मोबाईल बाहेर निघतो. आता प्रश्न असा की, दिवसभर मागांची खटखट ऐकलेल्या माणसाला त्यानंतर गोळ्यांचा आवाज का ऐकावासा वाटतो?

‘मिर्झापूर’चंच उदाहरण घेऊ. (दोन्ही सीझनचे शेवट पुढे येणार आहेत, पाहिले नसतील तर इथेच थांबा.)

यातला डॉन कालीन भैया वरवर गालिच्यांचा व्यापारी. मिर्झापूर-भदोही पट्टा खरोखरच हातमागाच्या गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे हा डॉन विणकामातलाच शेठ निघाला! भिवंडीतल्या कारागिराला हा माणूस वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण फक्त ओळखीचं वाटतं म्हणून कुणी रात्र जागवत नाही. खरी मेख मांडणीत आहे. १६ नोव्हेंबर २०१८ ला आलेल्या पहिल्या सीझनच्या शेवटी कालीन भैयाचा मुलगा मुन्ना एका लग्नात घुसतो आणि बबलूला व गरोदर स्वीटीला मारतो. स्वीटी होती आपली श्रिया पिळगावकर, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला ते जरा जास्तच लागलं. गुड्डू आणि गोलू कसेबसे वाचतात. आणि सीझन संपतो.

दुसरा सीझन आला २३ ऑक्टोबर २०२० ला. तब्बल २३ महिने प्रेक्षक ही उधारी डोक्यात घेऊन फिरत होता. त्यामुळे लंगडणारा गुड्डू आणि पुस्तकातून डोकं वर न काढणारी गोलू जेव्हा बंदूक उचलतात, तेव्हा त्यांचं क्रौर्य आपल्याला खुपत नाही. तेच मुन्नाने केलं असतं तर आपण शिव्या घातल्या असत्या. फिर्याद आधी ऐकवली की निकाल प्रेक्षक स्वतःच देऊन टाकतो.

आणि निकाल लवकर लागणं ही आपल्याकडे चैनच आहे. खऱ्या मिर्झापूरचीच गोष्ट घ्या. १४ फेब्रुवारी १९८१ ला बेहमईत २० जण मारले गेले. फूलनदेवीवर झालेल्या अत्याचारांचा सूड म्हणून हे हत्याकांड ओळखलं जातं. पुढे हीच फूलनदेवी १९९६ आणि १९९९ मध्ये मिर्झापूरमधून खासदार झाली. खासदार असतानाच, २५ जुलै २००१ ला, दिल्लीत घरासमोर तिला गोळ्या घातल्या गेल्या, तेही बेहमईचा सूड म्हणूनच. आणि बेहमई खटल्याचा निकाल? फेब्रुवारी २०२४. एकाला जन्मठेप. तोवर बहुतेक आरोपी वारले होते. पडद्यावर गुड्डूचं काम दहा भागांत झालं.

बरं, सूड घेताना बरं वाटतं हे खोटं नाही. २००४ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी लोकांना पैशांचा एक खेळ खेळायला लावला आणि त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. फसवणाऱ्याला शिक्षा देताना, कधी त्यासाठी पदरचे पैसे मोजूनही, मेंदूतला बक्षिसाच्या आनंदाशी जोडलेला भाग सक्रिय झालेला दिसला.

पण २००८ मध्ये कार्लस्मिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी पुढचा प्रश्न विचारला. नंतर कसं वाटतं? शिक्षा देऊन हलकं वाटेल, असा लोकांचा अंदाज होता. झालं उलटं. ज्यांना शिक्षा द्यायची संधी मिळाली, ते त्याच माणसाचा विचार करत राहिले आणि संधी न मिळालेल्यांपेक्षा जास्त नाखूश निघाले.

हेच ‘मिर्झापूर’च्या प्रेक्षकाचं झालं. दुसऱ्या सीझनच्या शेवटी मुन्ना मेला, हिशोब चुकता झाला. ५ जुलै २०२४ ला तिसरा सीझन आला तेव्हा गादीवर गुड्डू होता, हाणामारी तेवढीच होती, पण सोशल मीडियावर एकच ओरड: मुन्नाशिवाय मजा नाही! शेवटी ३० ऑगस्टला एक बोनस एपिसोड आला. त्यात कोण होतं, हे सांगायला नकोच.