त्रिकोणातल्या बाणांवर किती विसंबायचं?

बाटली उलटी केली की तळाशी बाणांचा त्रिकोण दिसतो. ही वस्तू पुन्हा वापरात येणार याची हमी म्हणजे तो त्रिकोण, असं अनेकांना मनापासून वाटतं. तशी हमी तो देत नाही. आतला आकडा प्लास्टिकचा प्रकार तेवढा सांगतो: १ म्हणजे पेट, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ७ म्हणजे इतर सगळं. १९८८ मध्ये ही खूण आणली ती अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्याच संघटनेने. २०१३ मध्ये तिथल्या मानकातून बाण गेले आणि साधा त्रिकोण आला, पण बाण अजूनही सर्रास छापले जातात.

‘कचरा वेगळा करून दिला की बहुतेक प्लास्टिक कामी येतं’ हाही असाच समज. २०१५ पर्यंत जगात साठलेल्या सुमारे ६३० कोटी टन प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली होती, असं २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं. यात लोकांचा आळस हे मुख्य कारण नाही. पेटच्या बाटलीला भंगारवाला भाव देतो, कारण तिला पुढे गिऱ्हाईक आहे. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून कचरावेचक ते उचलतही नाहीत. जे वितळवलं जातं त्याचाही दर्जा दर फेरीला घसरतो. त्यातच खनिज तेल स्वस्त झालं की नव्या प्लास्टिकचा कोरा दाणा स्वस्त होतो आणि पुनर्प्रक्रियेचा माल पडून राहतो.

‘रासायनिक पुनर्प्रक्रिया, म्हणजे प्लास्टिक मूळ घटकांत मोडणं, हे सगळं सोडवेल’ असं आता सांगितलं जातं. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने एक्झॉनमोबिल या तेल कंपनीवर खटला भरला. या तंत्रात घातलेल्या प्लास्टिकपैकी ९२ टक्क्यांचं पुन्हा प्लास्टिक होतच नाही, मुख्यतः इंधन होतं, असा त्यात आरोप आहे. कंपनीने तो नाकारला आहे. पण इंधन जाळून टाकायचं असेल, तर त्याला पुनर्प्रक्रिया म्हणणं मला पटत नाही.

आणि मोठ्या कंपन्यांनी तारखेसकट दिलेला शब्द? २०३० पर्यंत आमच्या वेष्टनांत ५० टक्के पुनर्प्रक्रिया केलेला माल असेल, असं कोका-कोलाने २०१८ मध्ये जाहीर केलं. डिसेंबर २०२४ मध्ये तेच उद्दिष्ट ३५ ते ४० टक्क्यांवर आलं आणि मुदत २०३५ झाली. शब्द स्वेच्छेने दिलेला, त्यामुळे मोडल्याचा दंड नाही. कायदा असला तरी तपासणी लागतेच. आपल्याकडे उत्पादकांवर कचऱ्याची जबाबदारी टाकली गेली, तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पाहणीत पुनर्प्रक्रियेची लाखो बनावट प्रमाणपत्रं सापडली.

सक्ती खरोखर राबवली की काय होतं ते जर्मनीत दिसतं. तिथे २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर सक्तीची अनामत आहे आणि दहापैकी नऊहून अधिक बाटल्या परत येतात. महाराष्ट्रातही २०१८ च्या प्लास्टिकबंदीबरोबर बाटल्या पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. ती दुकानांपर्यंत नीट पोचली नाही. सरकारकडे आणि कंपन्यांकडे आधी तिचा हिशेब मागायला हवा.